वरुडहून मागवलेली संत्र्यांची पेटी: रंगाला बेताची, रसाला अव्वल

शहरात ‘नागपुरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या संत्र्यांवर माझा फारसा विश्वास राहिलेला नाही. डिसेंबरनंतर पुण्यातल्या हातगाड्यांवर जे गुळगुळीत, चकचकीत आणि एकसारख्या गडद रंगाचे फळ दिसते, ते पुष्कळदा पंजाब-राजस्थानातला किन्नू असते. किन्नू वाईट फळ नव्हे. परंतु 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या नागपुरी संत्र्याच्या नावावर तो खपवला जाऊ नये, एवढीच अपेक्षा आहे. म्हणून यंदा नोव्हेंबरात विदर्भातल्या वरुड तालुक्यातल्या एका बागायतदाराकडून आंबिया बहाराची (बहार म्हणजे संत्र्याचा फुलोऱ्याचा हंगाम; आंबिया बहाराची फळे वर्षअखेरीस तोडणीला येतात) दहा किलोंची पेटी थेट कुरियरने मागवली. बाजारभावाच्या जवळपास दीडपट पैसे मोजावे लागले.

पेटी उघडताच घरातल्यांची पहिली प्रतिक्रिया ‘ही तर कच्ची दिसतात’ अशी होती. बहुतेक फळांच्या देठाजवळ हिरवी झाक होती आणि काहींच्या सालीवर तपकिरी डाग होते. पेटीवर मात्र ‘गर्द केशरी’ असे ठसठशीत छापलेले. आत फिकट नारिंगीच्या पलीकडे फारसे काही गेलेले नव्हते. हा छापील दावा विक्रेत्याने काढून टाकावा, कारण त्याच्या मालाला त्याची गरजच नाही. संत्र्याच्या सालीतले हरितद्रव्य नीट ओसरायला रात्रीची थंडी लागते; ते ओसरले की मागे असलेली कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये, विशेषतः बीटा-क्रिप्टोझँथिन, उठून दिसतात. आंबिया बहाराची तोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे विदर्भात थंडी पुरती पडण्यापूर्वीच सुरू होते आणि त्यामुळे आतून पिकलेले फळसुद्धा बाहेरून हिरवट राहू शकते. व्यापारी अशा फळांना इथिलीन वायू देऊन पिवळी करतात आणि वर मेणाचा थर देतात. त्यात गैर काही नाही, पण गोडीत त्याने तिळमात्र फरक पडत नाही. आंबा किंवा केळे अढीत पिकते, तसे संत्रे झाडावरून उतरल्यावर पिकत नाही. तोडताना जेवढी गोडी असेल तेवढीच. रंगावर भाळणाऱ्या गिऱ्हाइकासाठी हा सगळा खटाटोप असतो आणि या बागायतदाराने तो टाळला, हे मला आवडले.

फळाचा खरा कस सोलताना लागतो. देठाकडच्या उंचवट्यात अंगठा घातला की साल पोकळ आवाज करत अलगद सुटते. किन्नूची साल इतक्या सहजी हाती येत नाही. ताजेपणा पाहायचा असेल तर सालीचा तुकडा उलटा दुमडून उजेडात चिमटावा: सालीतल्या सूक्ष्म तेलग्रंथी फुटून बारीक तुषार उडतात. हेच तुषार मेणबत्तीच्या ज्योतीवर उडवले तर चर्रर आवाज करून पेटतात, कारण त्या तेलात नऊ-दशांशांहून अधिक भाग लिमोनीन या ज्वलनशील द्रव्याचा असतो. लिंबाच्या सालीतही मुख्यतः लिमोनीनच असते. दोन्हींचा वास निराळा येतो तो अत्यल्प प्रमाणातल्या इतर घटकांमुळे. या पेटीतल्या सालींचा वास बोटांना दिवसभर राहत होता.

चव आंबट-गोड, आंबटाकडे किंचित झुकलेली. आंबिया बहाराला हे शोभून दिसते; निव्वळ गोड संत्रे मला स्वतःला पानसट वाटते. फोडी रसाने टच्च भरलेल्या होत्या, वरचा पापुद्रा पातळ होता आणि बिया मात्र भरपूर निघाल्या. रस काढणाऱ्यांनी येथे सावध राहावे. फळ मिक्सरमध्ये बियांसकट फिरवले, किंवा रस काढून संध्याकाळपर्यंत ठेवून दिला, तर तो कडवट होतो. फळात अख्खे असताना ज्या द्रव्याला चव नसते, तेच रसातल्या आम्लामुळे हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात बदलते, आणि बिया भरडल्या गेल्या तर त्यांच्यातला कडूपणा वेगळा उतरतो. नागपुरी संत्र्याच्या रसाचा कारखानदारी धंदा अवघड होण्यामागे हे एक मोठे कारण आहे. (लिमोनीन आणि लिमोनिन ही नावे कोणी इतकी सारखी ठेवली, देव जाणे, एक वासाचे, दुसरे कडूपणाचे.) हाताने पिळून लगेच प्यालात तर तक्रारीला जागा नाही.

तक्रार आहे ती पेटीबद्दल. पुठ्ठ्याच्या खोक्याला हवा खेळायला भोके नव्हती आणि आत प्लॅस्टिकचे अस्तर लावलेले होते. तोडल्यावरही फळाचा श्वास चालू असतो, बाष्प सुटत राहते; ते कोंडल्यामुळे तळाच्या थरात पाणी साचले होते आणि काही फळांवर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती. एका फळाची बुरशी शेजारच्या फळाला लागायला वेळ लागत नाही. छायाचित्रे पाठवल्यावर विक्रेत्याने खराब फळांचे पैसे वाद न घालता परत केले. तरीसुद्धा एवढ्या दरात भोकांचा खोका आणि फळांमध्ये वाळलेले गवत किंवा कागदाचे तुकडे मिळायलाच हवेत.

एकंदरीत पाचांपैकी चार गुण. पेटी आल्याबरोबर सगळी फळे बाहेर काढून, पुसून, टोपलीत एका थरात पसरावीत आणि डागाळलेली आधी खावीत. ज्यांना अधिक गोड आणि रंगानेही भरलेले फळ हवे असेल, त्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येणाऱ्या दुसऱ्या, म्हणजे मृग बहारापर्यंत थांबावे. मी त्या बहाराची पेटी आत्ताच सांगून ठेवली आहे, अस्तराशिवाय पाठवण्याच्या अटीवर.