एम्ब्रेस ऑफ द सर्पंट: थ्रिलरच्या चाहत्यांनी चुकवू नये असा सिनेमा

सायकॉलॉजिकल थ्रिलर माझा जीव की प्राण. खून आणि पाठलाग नसले तरी चालतं. ज्याच्यासोबत आपण गोष्टीत शिरलोय त्याच्याच डोक्यातून काहीतरी निसटतंय, ही शंका एकदा आली की मी जागची हलत नाही. सिरो गेरा या कोलंबियन दिग्दर्शकाच्या २०१५च्या या सिनेमाने मला तसंच धरून ठेवलं.

कारामाकाते हा ॲमेझॉनच्या जंगलातला, आपल्या जमातीतला शेवटचा उरलेला भगत. १९०९मध्ये एक आजारी जर्मन संशोधक त्याच्याकडे येतो आणि १९४०मध्ये एक अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनाही याक्रुना नावाची वनस्पती हवी आहे. ती काल्पनिक आहे, पण दोन्ही पाहुणे कोख-ग्रुनबर्ग आणि शुल्टेस या खऱ्या संशोधकांवर बेतलेत. काळ मधेच बदलतो आणि आपण भांबावतो.

म्हातारा कारामाकाते विसरत चाललाय. मांबे, म्हणजे कोकाच्या पानांची पूड, कशी करायची हेही त्याला आठवत नाही. आपण चुल्लाचाकी झालोय, असं त्याला वाटतं: दिसायला हुबेहूब माणूस, आत मात्र एकही आठवण नाही. तोतया रूपाची भीती थ्रिलरमध्ये खूपदा पाहिलीय, पण इथे ती हाडात शिरते. रबराच्या धंद्याने त्याची माणसं संपवलीत. तो जे विसरेल ते सांगणारं दुसरं कुणी उरलेलंच नाही.

एका प्रसंगात जर्मन संशोधकाचा सोबती मान्दुका संतापून झाडांना लावलेल्या रबराच्या चिकाच्या बादल्या उलथवतो. एका हाताचा मजूर धावत येतो, सांडलेला चीक गोळा करू पाहतो, आणि मला मारून टाका म्हणून गयावया करतो. मालक समोर दिसतच नाही. दहशत मात्र पुरेपूर पोचते.

तरुण कारामाकाते झालेले निल्बिओ तोरेस कुबेओ जमातीचे, तर म्हातारा झालेले आंतोनिओ बोलिव्हार ओकाइना जमातीचे. बोलिव्हार २०२०मध्ये कोरोनाने गेले. जंगलातल्या भाषा सिनेमाभर कानावर पडतात, हे मला फार मोलाचं वाटतं. बायकांना मात्र जवळजवळ आवाजच नाही, ही मोठी उणीव. स्वतःला मसीहा म्हणवणाऱ्याचा भागही लांबलाय.

फोनवर बघू नका, कृष्णधवल जंगलाची खोली त्यात मरते. लहान मुलांनाही सोबत बसवू नका. ख्रिस्ती मिशनमध्ये पोरांना फटके मारतात, ते मोठ्यांनाही बघवत नाही.