घरपोच नर्स सेवा, मुलुंड : सिस्टरना ५ तारे, वेळापत्रकाला २

बायकोच्या पायाची जखम चिघळली. हॉस्पिटलातून घरी सोडलं, पण व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक आणखी १४ दिवस शिरेतून द्यायचं होतं, दर १२ तासांनी. म्हणजे सकाळी ८, रात्री ८. शिवाय दिवसाआड ड्रेसिंग. मुलाने अ‍ॅपवरून नर्स ठरवून दिली. अ‍ॅपचं नाव टाकत नाही, उगाच एखाद्या सिस्टरच्या पोटावर पाय यायचा.

मी बेस्टमध्ये टाइमकीपर होतो. कोणी उशिरा आलं की 'याच्या आधी कुठे होतात?' हेच पहिलं तोंडात येतं.

पहिल्या दिवशी सिस्टर आल्या १०.२० ला. आधी कुठे होत्या? बोरिवलीला! अ‍ॅपच्या नकाशावर बोरिवली आणि मुलुंड शेजारी दिसतात. दिसणारच, मध्ये नॅशनल पार्क आहे. बिबट्याला ते अंतर जवळचं. माणसाने एक तर घोडबंदरचा वळसा घ्यायचा, नाही तर दादरला उतरून, पूल चढून सेंट्रलची गाडी धरायची. कस्टमर केअरवाल्या मॅडम तीनदा म्हणाल्या, 'ऑन द वे आहेत सर.' खोटं नव्हतं म्हणा. सकाळचा डोस असा सरकला की रात्रीच्या आठपर्यंतचं अंतर १२ तासांचं राहत नाही, हे मात्र त्यांना मीच सांगायचं.

दुसरी गोची वेळेची. अ‍ॅपने आमच्या भेटीला ४५ मिनिटं धरलेली. हे औषध १ ग्रॅम असेल तर चढवायलाच निदान तासभर लागतो. घाईने सोडलं तर अंग लाल होतं, खाज सुटते. त्यात हात धुणं, शिरेतली नळी फ्लश करणं, म्हणजे धुऊन घेणं, बी.पी., वहीत नोंद. सव्वा तास कुठे गेला नाही. डेपोतून निघतानाच गाडीला अर्ध्या तासाचा लेट लिहून दिल्यावर शेवटच्या स्टॉपवरच्या पेशंटने शिव्या कुणाला घालायच्या?

पाचव्या दिवशी कोऑर्डिनेटरचा फोन आला. म्हटलं, 'पार्कच्या अलीकडची माणसं द्या.' ऐकलं बरं का, त्याचं श्रेय देतो. भांडुपच्या सिस्टर आल्या आणि घड्याळ लागलं. त्या स्वतःच क्रम लावतात : जेवणाआधीचं इन्सुलिन आणि आमचा डोस आधी, कारण ती कामं थांबत नाहीत. ड्रेसिंग, कॅथेटर बदलणं मधल्या वेळात, स्टेशनच्या ओळीने. माझ्या हाताखाली असत्या तर ड्यूट्या त्यांनाच लावायला बसवलं असतं.

शनिवारी रात्री त्यांचा फोन. 'काका, उद्या माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक आहे. दुपारचं ड्रेसिंग सकाळच्या डोसबरोबरच उरकून घेऊ.' उरकलं. रविवारी दीड वाजता अ‍ॅपचा मेसेज : 'आपली नर्स निघाली आहे.' सिस्टर तेव्हा घरी जेवत होत्या. न झालेल्या त्या फेरीचे ७०० रुपये परत मिळवायला मला चार फोन करावे लागले.

नर्स ठरवताना त्या कुठून येणार हे विचारा, आणि डिस्चार्जचा कागद हातात धरून औषध चढायला लागणारा वेळ सांगा.

परवापासून फक्त ड्रेसिंग उरलंय. तेही याच अ‍ॅपवर बुक करतोय, पण सूचनेच्या रकान्यात 'भांडुपच्याच सिस्टर पाहिजेत' असं लिहून.