डॉइचलांडटिकट: न्यूर्नबर्गहून आठ महिन्यांचा अनुभव

जानेवारी २०२५ मध्ये डॉइचलांडटिकट हे जर्मनीभर चालणारं मासिक तिकीट घेतलं तेव्हा डोक्यात फक्त ऑफिसची ये-जा होती. २०२५ मध्ये त्याचे महिन्याला ५८ युरो होते. एस-बान (शहर-उपनगरातल्या लोकल), ट्राम, मेट्रो, बस आणि आरई, आरबी या जवळपासच्या गाड्या सगळं त्यात येतं. पण आठ महिन्यांनी मागे वळून बघते तर तिकीट खरं वसूल झालंय ते शनिवारी.

पैसे वाचतातच, पण मला त्याहून मोलाची वाटते ती मोकळीक. बुकिंग नसल्यामुळे सकाळी आभाळ बघून ठरवायचं आणि निघायचं. बांबेर्ग पाऊण तासावर, रेगेन्सबुर्ग आणि वुर्त्सबुर्ग तास-सव्वा तासावर. रेगेन्सबुर्गला तीनदा गेले. पहिल्यांदा सगळं बघायच्या नादात काहीच धड बघितलं नाही. दुसऱ्यांदा नुसती बाराव्या शतकातल्या दगडी पुलावर उभी राहिले. खांबांच्या मधून डॅन्यूब जोरात घुसते आणि पलीकडे भोवरे धरते. तासभर कसा गेला कळलं नाही. परतीच्या गाडीची वेळ ठरलेली असती तर हे जमलं नसतं.

मे महिन्यात आई-बाबा आले तेव्हा वुर्त्सबुर्गचा राजवाडा दाखवला. मोठ्या जिन्याचा पहिला टप्पा चढेपर्यंत छत तुकड्या-तुकड्यानेच दिसतं. तिथून वळून वर निघालं की टिएपोलो या इटालियन चित्रकाराने १७५२-५३ मध्ये स्त्रियांच्या रूपात रंगवलेले चारही खंड डोक्यावर उलगडतात. आशिया हत्तीवर बसलेली आहे. आम्ही मूळचे सोलापूरचे, विजापूर हाकेच्या अंतरावर. आई कठड्याला धरून वर बघत म्हणाली, "गोलघुमटासारखंच गं, मध्ये एक खांब नाही." १६ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं शहर जळालं, राजवाड्याचं छप्परही गेलं, पण बाल्थाझार नॉयमन या वास्तुकाराने बांधलेलं जिन्यावरचं हे कमानदार छत तगलं. हे सांगितल्यावर बाबा पुन्हा खाली उतरले आणि तो जिना नव्याने चढले.

आता अडचणी. आयसीई, आयसी या वेगवान गाड्यांना हे तिकीट चालत नाही. त्यामुळे इथून बर्लिन करायचं म्हटलं तर जाण्यातच दिवस मोडतो. दोन दिवसांच्या सुट्टीत दोन तासांच्या आतलं शहर निवडा. गाड्या बदलताना हाताशी वेळ ठेवा. रोटेनबुर्गला जायला श्टाइनाखला गाडी बदलावी लागते आणि पुढची गाडी तासाला एक. मार्चमध्ये आमची गाडी दहा मिनिटं उशिरा पोचली आणि त्या उघड्या फलाटावर तासभर गारठत बसलो. तेव्हापासून थर्मास सोबत असतो.

तिकीट तुमच्या नावावरच असतं, दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून ओळखपत्र जवळ हवं. आणि ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत. ऑगस्टमध्ये मी सोलापूरला होते, जुलैची १० तारीख हुकली आणि पूर्ण महिन्याचे पैसे गेले.

घरून पाहुणे चार-आठ दिवसांसाठी येणार असतील तर त्यांच्यासाठी हे काढू नका. एक-दोनच सहली बायर्नमध्ये (बव्हेरिया, न्यूर्नबर्ग ज्या राज्यात आहे) करायच्या असतील तर बायर्न-टिकट घ्या. एका दिवसाचं असतं, पाच जणांपर्यंत एकत्र काढता येतं. फक्त सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच चालतं, म्हणून पाहुण्यांना शनिवार-रविवारीच न्या.