फुगलेल्या शिरांसाठी कोणती गोळी: डायोस्मिन, हॉर्स चेस्टनट की द्राक्षबी?

ठाण्यात गोखले रोडच्या दुकानांत दिवसभर उभ्या असणाऱ्या मुली, वर्गात उभ्यानं शिकवणाऱ्या बाई, लोकलमध्ये रोज उभ्यानं जाणारे, सगळ्यांची तक्रार एकच: संध्याकाळी पोटऱ्या जड होतात, घोटे सुजतात. मग ‘शिरांसाठी नैसर्गिक अँटिऑक्सिडंट’ असं लिहिलेल्या बाटल्या दिसू लागतात. त्या सगळ्या सारख्या नाहीत.

डायोस्मिन-हेस्पेरिडिन ही लिंबूवर्गीय फळांतली फ्लॅव्होनॉइड्स, म्हणजे वनस्पतींतली नैसर्गिक रसायनं. नेहमीच्या ५०० मिग्रॅच्या गोळीत ४५० मिग्रॅ डायोस्मिन असतं, दिवसाला साधारण १००० मिग्रॅ देतात. पूड अतिसूक्ष्म केलेली असली की ती आतड्यातून चांगली शोषली जाते, म्हणून पाकिटावर ‘मायक्रोनाइज्ड’ शब्द बघाच. संत्री-मोसंबी जास्त खाऊन हे प्रमाण गाठता येत नाही.

हॉर्स चेस्टनट या झाडाच्या बियांतलं एसिन खरं तर सॅपोनिन, म्हणजे साबणासारखा फेस करणारं वनस्पतीतलं रसायन आहे. त्याचं काम सूज उतरवण्याचं. २०१२च्या कॉक्रेन आढाव्यात (यात अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासतात) थोड्या काळासाठी दुखणं आणि सूज दोन्ही कमी झाल्याचं दिसलं. रोजचा डोस १०० मिग्रॅ एसिन, दोन वेळांत विभागून. कच्चं बी मात्र विषारी, म्हणून प्रमाणित अर्कच घ्यायचा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर याच्या वाटेला जाऊ नका.

द्राक्षबी आणि पाइनच्या सालीचा अर्क प्रयोगशाळेत अँटिऑक्सिडंट म्हणून चमकतो, पण पायाच्या शिरांबाबतचा पुरावा तोकडा आहे. यावर महिन्याचे पैसे घालू नयेत, असं मला अगदी मनापासून वाटतं.

निवड करायचीच असेल तर माझं मत डायोस्मिनला. तेही अपेक्षा बेताची ठेवून: २०२०च्या कॉक्रेन आढाव्यानुसार अशा औषधांनी सूज थोडी कमी होते, रोजच्या जगण्यात फारसा फरक पडत नाही. शिरांतल्या बिघडलेल्या झडपा कुठलीच गोळी दुरुस्त करत नाही, फुगलेली शीर आत जात नाही. म्हणून गोळीआधी कलर डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाचे दाबमोजे वापरा. गरोदर असाल किंवा वॉरफरीन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर गोळी डॉक्टरांना विचारूनच.

एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, दुखू लागला तर केमिस्टकडे नाही, त्याच दिवशी रुग्णालयात जा. आत गुठळी झालेली असू शकते.