फूड डायरी ॲप, सात महिन्यांनंतर: सेव्ह्ड मील आणि आमची कडक भाकरी

सबस्क्रिप्शन संपायला आठ दिवस राहिलेत आणि ॲप रोज सकाळी त्याची आठवण करून देतंय. 1,200 रुपये परत भरायचे की नाही हे ठरवायचंय, म्हणून सगळं लिहून काढतोय. ॲपचं नाव देत नाही. एकदा सेव्ह केलेलं जेवण नंतर दुरुस्त केलं तरी डायरीतल्या जुन्या नोंदी बदलत नाहीत, ही अडचण तुमच्या ॲपमध्येही असू शकते, तपासून बघा.

बारकोड, पाण्याचे ग्लास, पावलं हे सगळं तुम्हाला माहिती आहे. मी पैसे भरले ते फक्त सेव्ह्ड मीलसाठी. जूनमध्ये शुगर बॉर्डरवर निघाली आणि डॉक्टरांनी रोजचं जेवण लिहून आणायला सांगितलं. आमच्याकडे रात्रीचं जेवण ठरलेलं असतं: दोन कडक भाकरी, डाळ, शेंगाची चटणी, कांदा. एकदा भरून ‘रात्रीचं नेहमीचं’ असं नाव दिलं की रोज एका टचवर नोंद. पहिले अडीच महिने ऑफिसात ज्याला-त्याला हे ॲप घ्यायला सांगत होतो.

मग वजनकाटा आणला. ॲपच्या यादीत ज्वारीची भाकरी 100 ग्रॅमला 210 कॅलरी आहे. माझ्या दोन कडक भाकरी भरल्या 98 ग्रॅम, म्हणजे 206. बरं वाटलं. आई चुलीपाशी बसून बघत होती. म्हणाली, “भाकरी काय मोजायलालास रं? पीठ मोज की.”

पीठ मोजलं. दोन भाकरींना बरोबर 100 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली 528 खाद्यपदार्थांचे तक्ते काढलेत, त्यात 100 ग्रॅम ज्वारीला 334 कॅलरी आहेत. त्याच दोन भाकरी तव्यावरून उतरल्या-उतरल्या 160 ग्रॅम भरतात, तेव्हा ॲपचा आकडा जुळतो. कडक केल्यावर पाणी उडतं, वजन कमी होतं, पण पीठ तेवढंच राहतं. ॲपला मऊ भाकरी माहिती आहे, सोलापूरची कडक भाकरी माहितीच नाही. दर रात्री जवळपास सव्वाशे कॅलरी कमी लिहिल्या जात होत्या. चटणीचं तेच. यादीतली ‘पीनट चटणी’ म्हणजे इडलीबरोबरची पातळ चटणी. आपली कुटलेली, जवळजवळ निव्वळ शेंगदाणे, आणि शेंगदाण्याच्या 100 ग्रॅमला 520 कॅलरी. एक भरला चमचा 12 ग्रॅमचा, म्हणजे साठच्या वर.

चूक माझीही होती, मान्य. सेव्ह्ड मील उघडलं, भाकरी काढून 100 ग्रॅम पीठ टाकलं, चटणी स्वतःची बनवली, सेव्ह केलं. मागे जाऊन बघतो तर जुने 71 दिवस जसेच्या तसे! सेव्ह्ड मील डायरीत टाकलं की त्याची नक्कल पडते, मूळ मीलशी तिचा काही संबंध उरत नाही. हे कुठेही लिहिलेलं नाही. डॉक्टरांची तारीख चार दिवसांवर होती. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या रिपोर्टशेजारी ते माझी वही ठेवून बघणार होते, आणि वही खोटी होती. सपोर्टला तीन मेल केले. तिन्हींना एकच उत्तर आलं: कॅश क्लिअर करा, ॲप अपडेट करा. तिसऱ्या मेलमध्ये मी स्क्रीनशॉटवर बाण काढून पाठवले होते, ते कोणी उघडलेसुद्धा नसावेत. शेवटी दोन रात्री जागून एकेक दिवस उघडला, जुनी नोंद काढली, नवी टाकली. एकाहत्तर वेळा. त्या रात्री इथे एक स्टार देऊन मोकळा होणार होतो.

दिलं नाही ते बरं झालं. डिसेंबरात डॉक्टर म्हणाले, दीड भाकरीवर या. मी सेव्ह्ड मीलमध्ये पीठ 75 ग्रॅम केलं आणि तेव्हा लक्षात आलं की जुन्या नोंदी आपोआप बदलल्या असत्या तर नोव्हेंबरमध्येही मी दीडच भाकरी खाल्ली असं दिसलं असतं. म्हणजे नक्कल ठेवण्यात अर्थ आहे, ती तक्रार मी अर्धी मागे घेतो. उरलेली अर्धी कायम आहे: चुकीची दुरुस्ती वेगळी आणि जेवणातला बदल वेगळा. सेव्ह करताना ‘जुन्या नोंदीही बदलू का?’ एवढं एक विचारलं असतं तर माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या.

दुसरं छोटं. अर्धंच जेवलो तर अख्खं मील अर्धं करायची सोय नाही, चारही पदार्थ एकेक करून कमी करावे लागतात. संक्रांतीच्या गड्ड्यात (सोलापूरच्या जत्रेत) भजी-जिलेबी खाऊन घरी फक्त अर्धी भाकरी खाल्ली, ते लिहायला जेवणापेक्षा जास्त वेळ गेला.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. कालचा अख्खा दिवस आजवर उतरवता येतो, तेही फुकटच्या प्लॅनमध्ये. हे मला सहाव्या महिन्यात कळलं. फुकटात पाच सेव्ह्ड मील ठेवता येतात, आणि आमच्या घरची जेवणं मोजली तर चारच भरतात.

म्हणून यंदा पैसे भरत नाही. तो एक प्रश्न विचारायची सोय आली की त्याच दिवशी 1,200 भरीन, मेलमध्येही हेच कळवलंय. तोवर तीन स्टार. आणि ज्यांच्या घरी कडक भाकरी होते त्यांनी भाकरीचं नव्हे, पिठाचं वजन टाका, आधीच्या नोंदी आजच तपासा.