अलामोचं ऑइल पेंटिंग: लढाईचं घ्यावं की आजचं?

टेक्सासमध्ये घर झालं की हॉलच्या मोठ्या भिंतीवर इथलं काहीतरी हवं असं बऱ्याच जणांना वाटतं आणि फिरून फिरून गाडी सॅन अँटोनिओच्या अलामोवरच, म्हणजे तिथल्या जुन्या स्पॅनिश मिशनच्या चर्चवरच येते. फ्रेम केलेली पेंटिंग्ज बघायला गेलात तर मुख्यतः दोन तऱ्हा दिसतील. एक १८३६ च्या वेढ्याचं, धूर, तोफा, शिड्या लावून चढणारे मेक्सिकोच्या सांता आनाचे सैनिक. दुसरं आजचं अलामो, समोरच्या दगडी भिंतीवर संध्याकाळचं ऊन, बस एवढंच.

लढाईचं चित्र पहिल्या नजरेत बाजी मारतं हे मान्य. भारतातून पाहुणे आले की विषय आपोआप निघतो, १३ दिवसांचा वेढा, टेक्सासच्या बाजूचे ट्रॅव्हिस, बोवी, क्रॉकेट, सांगायला भरपूर आहे. मी बघितलेल्या एकात तर धूर पेंटिंग नाईफने (रंग थापायच्या पात्याने) असा जाड थापला होता की बाजूने बघितलं की रंग भिंतीपासून उठून आल्यासारखा वाटायचा. पण वर नजर गेली आणि माझं मन उडालं. चर्चच्या माथ्यावर तो प्रसिद्ध गोलसर उंचवटा! तो १८५० मध्ये अमेरिकन आर्मीने चढवलाय, तिथे गोदाम केलं, छप्पर घातलं तेव्हा. लढाईच्या वेळी चर्च अर्धवटच होतं, वर छप्परसुद्धा नव्हतं आणि मागच्या बाजूला मातीचा उतार रचून तोफा वर नेल्या होत्या. राज्याभिषेकाच्या चित्रात मागे महाराजांची समाधी दाखवली तर आपल्याला कसं वाटेल, तसंच झालं मला. एकदा दिसलं की मग रोज तेच दिसणार, आणि भिंतीवरचं चित्र काय वर्षानुवर्षं राहतं.

आजच्या अलामोत ही भानगडच नाही, उंचवटा तिथे खरोखर आहे. शिवाय दाराभोवतीची कोरीव नक्षी, बाजूचे रिकामे कोनाडे, दगडाचा पिवळट रंग हे ऑइलमध्ये फार छान उतरतं, ऊन तिरकं असेल तर अजूनच. हां, लहान साइजमध्ये मात्र ते पोस्टकार्डसारखं दिसतं, म्हणून माझ्या मते २४ बाय ३६ इंचाच्या खाली जाऊ नये. फ्रेम गडद लाकडाची, सोनेरी नको, दगडाचा रंग मरतो. आणि समोर खिडकी असेल तर ग्लॉसी वॉर्निश टाळा, दुपारी नुसती चमक दिसते.

आवड ज्याची त्याची, पण मी आजचं घेतलं आणि परत घ्यायची वेळ आली तरी बहुतेक तेच घेईन. तुमचं मन लढाईवरच असेल तर विकणाऱ्याला स्पष्ट विचारा, उंचवटा नसलेलं आहे का. तसं अभ्यास करून काढणारे चित्रकार आहेत, शोधावं लागतं एवढंच, आणि तसं हाती लागलं तर मी माझ्या आवडीचा आग्रह धरणार नाही.