वीजतंत्री की सूर्यमित्र? सौरक्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलींसाठी

दहावीनंतर सौरऊर्जेच्या तांत्रिक कामात शिरायचे ठरवलेल्या मुंबईतल्या मुलीपुढे सहसा दोन नावे येतात : आयटीआयचा दोन वर्षांचा वीजतंत्री अभ्यासक्रम आणि केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने 2015 मध्ये सुरू केलेले 600 तासांचे ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण.

नुसता कालावधी पाहिला तर सूर्यमित्र उजवे ठरते. शिवाय ते विनाशुल्क आणि निवासी आहे. मात्र निवासी असणे हीच काही घरांत अडचण होते. मुलाला तीन महिने बाहेरगावी ठेवायला तयार असणारे आईवडील मुलीच्या बाबतीत कचरतात. आयटीआयला लोकलने रोज जाऊन-येऊन शिकता येते आणि तेथे मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव असतात.

निर्णायक मुद्दा पात्रतेचा आहे. सूर्यमित्रसाठी दहावीबरोबरच वीजतंत्री, तारतंत्री (वायरमन), जोडारी (फिटर) अशा एखाद्या व्यवसायातील आयटीआय अपेक्षित असते. त्यामुळे दहावी झालेल्या मुलीने आधी वीजतंत्री व्हावे, हेच माझे मत. मुंबईत पावसाळ्यात गच्चीवरची कामे मंदावतात. अशा वेळी इमारतींच्या वायरिंगची कामे हाताशी राहतात, आणि महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदाची वाटही याच प्रमाणपत्राने खुली होते. सूर्यमित्र त्यावर चढवायचे कौशल्य आहे.

प्रमाणपत्र मिळाल्यावर काम कोणते मिळते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. आंतरराष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा संस्थेच्या 2019 च्या अहवालानुसार एकूण नवीकरणीय ऊर्जा क्षेत्रात महिलांचा वाटा 32 टक्के होता. पण प्रशासकीय कामांत तो 45 टक्के, तर विज्ञान-तंत्रज्ञानाशी निगडित कामांत 28 टक्केच होता. ‘आमच्याकडे मुली आहेत’ असे ठेकेदार सांगतो, तेव्हा त्या ग्राहकांचे फोन घेतात की इन्व्हर्टर जोडतात, हे विचारून घ्यावे. ताकदीची सबब फारशी टिकत नाही, कारण पंचवीस-तीस किलोचे पॅनेल पुरुषही दोघे मिळूनच उचलतात. सोसायटीच्या टाकीवर लोखंडी शिडीने चढताना अंगाला नीट बसणारा सुरक्षापट्टा मिळणार का, आणि दिवसभराच्या कामात स्वच्छतागृह कोणते वापरायचे, हे प्रश्न मात्र खरे आहेत. त्यांची उत्तरे रुजू होण्यापूर्वी घ्यावीत आणि कामाचे स्वरूप नेमणूकपत्रात स्पष्ट लिहून मागावे.